माझगावचं चर्च आणि सोलापूरचे आजोबा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबांचा जन्म साधारण १८९८ चा, मुंबईतला. त्यांचा बाप्तिस्मा 'माझगावच्या चर्चात' झाला, असं आजी सांगायची. पुढे ते जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत लागले, सोलापूरला बदलून आले आणि इथलेच झाले. वडिलांचा जन्म १९३१ चा. तुम्ही माझगावचं चर्च शोधायला गेलात तर ग्लोरिया चर्चचं नाव मिळालं, पण ती इमारत १९१३ ची आणि तीही भायखळ्यात. चुलतभाऊ म्हणतो, ते चर्च सेंट अ‍ॅनचं. आणि वडिलांची नोंद मुंबईला मागायची की पुण्याला, हेही कळेना. म्हणून तुम्ही विचारलंत की मुंबईतल्या चर्चचा इतिहास नेमका कुठून वाचायला घ्यावा.

मी सोलापुरात शाळेत इतिहास शिकवायचे. गेली सव्वीस वर्षं लोकांना चर्चच्या जुन्या वह्यांमधून आपली माणसं शोधायला मदत करते. सुरुवात पेन्शनच्या एका कागदापासून झाली आणि मग हे काम सुटलंच नाही. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारे जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी अडतात. ते इमारत शोधत असतात. नोंद इमारतीत नसते, पॅरिशच्या वहीत असते.

पॅरिशला आपण कॅथलिक मराठीत धर्मग्राम म्हणतो आणि मला तो शब्द फार नेमका वाटतो. ठरावीक हद्दीतली माणसं, त्यांना नेमून दिलेले धर्मगुरू आणि त्या माणसांच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या, हे सगळं मिळून ग्राम. उजनी धरणात आपल्या करमाळ्या-इंदापूरकडची गावं गेली, ती नव्या जागी त्याच नावाने वसली. घरं नवी, देऊळ नवं, पण गाव तेच आणि दप्तरही तेच पुढे चालू. चर्चचंही अगदी तसंच होतं. इमारत पडते, जुनी होते, लहान पडते, जागा बदलते. वह्या जुन्या कपाटातून नव्या कपाटात जातात आणि पुढच्या पानावर पुढचं नाव लिहिलं जातं.

ग्लोरियाचंच बघा. हे चर्च १६३२ मध्ये माझगावात उभं राहिलं, तिथल्या पोर्तुगीज जमीनदार डिसोझा घराण्याच्या पुढाकाराने. मुंबई तेव्हा पोर्तुगिजांची होती, इंग्रजांच्या हातात यायला अजून तीस-पस्तीस वर्षं होती. ते जुनं चर्च १९११ मध्ये पाडलं गेलं आणि १९१३ मध्ये भायखळ्यात आजचं उंच मनोऱ्याचं चर्च तयार झालं. नाव तेच राहिलं, पॅरिशही तीच राहिली. तेव्हा १८९८ साली एखाद्या बाळाला 'माझगावच्या ग्लोरियात' नेलं असेल तर ते पाडलेल्या जुन्या इमारतीत. तुमची आजी चुकीचं सांगत नव्हती. ज्या सालामुळे तुम्ही थांबलात ते साल फक्त विटा-चुन्याचं आहे.

मुंबईत असं पावलोपावली सापडतं. दादरचं पोर्तुगीज चर्च बसस्टॉपच्या नावामुळे मुंबईला गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्याचं खरं नाव साल्व्हासांव, म्हणजे तारणाची माता. फ्रान्सिस्कन साधूंनी ते १५९६ मध्ये सुरू केलं. आज जी काँक्रीटची इमारत दिसते ती वास्तुकार चार्ल्स कोरियांनी १९७० च्या दशकात उभी केली. इमारत बघून पन्नास वर्षांचं म्हणाल, पॅरिशचं वय चारशेच्या वर. एस्पेरांसा चर्चची गोष्ट याहून मोठी. ते किल्ल्यासमोरच्या मैदानात होतं. फ्रेंचांच्या भीतीने इंग्रजांना तोफांसाठी समोरची जागा मोकळी हवी होती, म्हणून १७६० च्या सुमारास ते पाडलं आणि भुलेश्वरला नव्याने बांधलं. पुढे त्याच भुलेश्वरच्या चर्चला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मान मिळाला. आज तो मान कुलाब्याच्या होली नेम चर्चकडे आहे, १९६४ पासून. एखाद्याच्या घरी 'आमची पणजी कॅथीड्रलात लग्न लागलेली' असं सांगत असतील, तर आधी साल विचारावं लागतं, मगच कॅथीड्रल कुठलं ते कळतं.

आता चुलतभावाचं म्हणणं. तो चुकतोय असं मी म्हणणार नाही. माझगावात सेंट अ‍ॅनचं चर्चही जुनंच आहे. नेस्बिट नावाच्या बाईंनी १७८७ मध्ये ते चॅपल म्हणून बांधलं, म्हणून आजही तिथल्या रस्त्याला नेस्बिट रोड म्हणतात. डॉकयार्ड रोडकडचं रोझरी चर्च हेही माझगावचंच. म्हणजे 'माझगावचं चर्च' या दोन शब्दांत निदान तीन जागा बसतात. आणि १८९८ साली ग्लोरिया आणि सेंट अ‍ॅन एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असूनही एका बिशपच्या हाताखाली नव्हती. मुंबईच्या चर्चचा इतिहास इथे समजून घ्यावा लागतो. तो समजला की बाकीचा गुंता निम्मा सुटतो, म्हणून इथे जरा थांबते.

पोर्तुगालच्या राजाला पोपने पूर्वेकडच्या चर्चची पालकी दिलेली होती. बिशप सुचवायचा त्याने, चर्च चालवायचं त्याने, खर्चही त्याचा. याला पाद्रोआदो म्हणतात. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावरही इथले धर्मगुरू गोव्याच्या आर्चबिशपचेच राहिले, आणि इंग्रजांना ते खुपायला लागलं. आपल्या बेटावरच्या प्रजेवर परक्या राजाच्या माणसांचा शब्द चालतो, ही गोष्ट त्यांना मानवेना. १७२० मध्ये गव्हर्नर बून यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटावरून घालवलं आणि चर्चं कार्मेलाइट साधूंकडे दिली. हे साधू थेट रोमच्या प्रोपागांडा, म्हणजे धर्मप्रसाराच्या, खात्याने पाठवलेले, त्यांचा पोर्तुगालच्या राजाशी संबंध नव्हता. त्यांच्या बिशपला व्हिकार अपोस्टोलिक म्हणत. पण लोकांची नाळ गोव्याशी जुळलेली होती. अर्ज झाले, भांडणं झाली, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरची चर्चं चक्क वाटून दिली गेली. माझगावचं ग्लोरिया आणि दादरचं साल्व्हासांव गोव्याकडे, भुलेश्वरचं एस्पेरांसा आणि माहीमचं सेंट मायकल व्हिकार अपोस्टोलिककडे.

ती वाटणीसुद्धा टिकली नाही. १८५३ मध्ये माहीमला लोकांनी सेंट मायकल परत पाद्रोआदोकडे न्यायचं ठरवलं, तेव्हा रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन स्वतः चर्चच्या आत ठाण मांडून बसले आणि बाहेरून वेढा पडला. शेवटी सरकारने मध्ये पडून चर्च पाद्रोआदोच्या बाजूला दिलं. मी हे मुद्दाम सांगते, कारण पॅरिश कोणाची हा प्रश्न त्या लोकांसाठी कागदावरचा नव्हता. आपल्या बाळाला कोण पाणी घालणार, आपल्या म्हाताऱ्याला कोण मूठमाती देणार, इतका तो जवळचा होता. एकाच गल्लीतली दोन घरं दोन बिशपांना मानत.

१८८६ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुंबईला आर्चबिशप मिळाले, पण पाद्रोआदोच्या पॅरिशा दमणच्या बिशपकडे गेल्या. म्हणजे तुमचे आजोबा जन्मले तेव्हा ग्लोरिया दमणच्या बिशपचं आणि सेंट अ‍ॅन मुंबईच्या आर्चबिशपचं. हा दुहेरी कारभार थेट १९२८ पर्यंत चालला. त्या वर्षी नवा करार होऊन सगळ्या पॅरिशा मुंबईच्या आर्चबिशपखाली एकत्र आल्या. जुन्या वह्या मात्र आपापल्या पॅरिशमध्येच राहिल्या, कोणी त्या एकत्र बांधल्या नाहीत. म्हणून 'मुंबईच्या चर्चने शोधलं, नाही सापडलं' या वाक्याला माझ्या लेखी किंमत नाही. कोणत्या पॅरिशने शोधलं, ते विचारायचं.

तुमच्या आजोबांचं घर यातल्या कोणत्या बाजूला होतं, हे इथे बसून मी ठामपणे सांगू शकत नाही. ते घरच्या आठवणींवर अवलंबून आहे. घरात कोंकणी बोलत होते का? गोव्यातल्या गावाचं नाव कधी कानावर आलं का? मुंबईत आजोबांचे वडील 'कुडात' राहायचे असं कोणी सांगितलंय का? गोव्यातल्या एकेका गावाच्या लोकांनी मुंबईत राहायला चालवलेल्या जागांना कूड म्हणत. यातलं एक जरी 'हो' असेल तर आधी ग्लोरिया बघा, कारण गोव्याहून आलेली बरीच कुटुंबं पाद्रोआदोच्या पॅरिशांना धरून राहिली. घर ईस्ट इंडियन असेल, म्हणजे मुंबई-साष्टी-वसईचं मूळचं, घरात मराठीचीच एक बोली, तर कोणतीही बाजू असू शकते, तेव्हा गल्लीपर्यंत जावं लागेल. आणि घरात इंग्रजीच चालत असेल, आडनाव आयरिश किंवा इंग्रजी वळणाचं असेल, तर मी आधी सेंट अ‍ॅनला पत्र लिहीन.

पण खरं सांगू का, तुमच्या जागी मी असते तर मुंबईला अजून पत्रच लिहिलं नसतं. सुरुवात सोलापुरातून केली असती, आजोबांच्या लग्नापासून.

कारण असं. १९०८ च्या ईस्टरपासून रोमचा एक नियम लागू झाला. त्याचं लॅटिन नाव 'ने तेमेरे'. लग्न लागलं की ते लावणाऱ्या धर्मगुरूने नवरा-नवरीच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायचं आणि तिथल्या फादरांनी बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर, समासात, लग्नाची तारीख आणि जागा लिहायची. एकाच माणसाचं दोन ठिकाणी दोनदा लग्न लागू नये, म्हणून. तुमच्या आजोबांचं लग्न १९०८ नंतरचंच. लग्नाआधी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला गेला असणार, आणि तो कुठून आला हे लग्नाच्या वहीत किंवा लग्नाच्या कागदांच्या पुडक्यात असण्याची चांगली शक्यता आहे. तीन रविवार लग्नाची घोषणा व्हायची, त्याची टिपणंही कुठे कुठे जपलेली असतात. लग्नाची एक नोंद मिळाली की माझगावचं कोडं तीच सोडवते. मी ज्यांना मदत केली त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचा धागा लग्नापासूनच सापडला, जन्मापासून नाही.

लग्न सोलापुरात झालं नसेल तर आजीच्या माहेरच्या पॅरिशमध्ये बघायचं. रीत आपल्याकडे सगळ्यांची तीच, लग्न मुलीच्या दारात.

आता वडिलांचं. सोलापूर मुंबईच्या बिशपकडे की पुण्याच्या, याचं उत्तर सरळ आहे. १८८६ मध्येच पुणे धर्मप्रांत, म्हणजे पुण्याच्या बिशपचा स्वतंत्र मुलूख, झाला आणि घाटावरचा मुलूख त्याच्याकडे आला. त्यात पुणे, नगर, नाशिक, सातारा, सोलापूर हे जिल्हे होते. तो जेझुइट या कॅथलिक साधुसंघाच्या जर्मन धर्मगुरूंकडे सोपवलेला होता. आज नाशिक आणि नगर वेगळे झालेत, १९८७ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पण सोलापूर अजूनही पुण्याकडेच आहे. म्हणजे १९३१ ची सोलापूरची नोंद सोलापूरच्या पॅरिशमध्ये, आणि वरचं कार्यालय पुण्याचं.

सोलापुरात कॅथलिक वस्ती वाढली ती रेल्वेने. इथे गाडी १८६० मध्ये आली, पण बोरघाटाचा चढ पुरा व्हायला १८६३ उजाडलं. तोवर मुंबईहून येणाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी उतरून डोंगर चढावा लागे. घाट झाला आणि मुंबईची माणसं सरळ गाडीत बसून इथे पोचू लागली. ड्रायव्हर, गार्ड, तारमास्तर, स्वयंपाकी. त्याआधी छावणीतले आयरिश शिपाई होते, पण पलटणी येतात आणि जातात. रेल्वे लाइन्समधली कुटुंबं मात्र राहिली. त्यात गोव्याचे, अँग्लो-इंडियन, दक्षिणेकडचे, आणि पुढे नगरकडून आलेली मराठी कॅथलिक घरं. सोलापूर तसंही मराठी, तेलुगू आणि कन्नड एका दमात बोलणारं शहर, त्यात कॅथलिकांनी आणखी दोन-तीन भाषा घातल्या. या मंडळींचा इतिहास लिहिणं राहून गेलंय याची मला फार खंत आहे. गिरण्यांचा इतिहास झाला, मार्शल लॉचा झाला, आणि व्हायलाच हवा होता, पण रेल्वे लाइन्समधल्या त्या घरांची आठवण आता फक्त वह्यांत आणि दफनभूमीतल्या दगडांवर उरली आहे.

वडिलांच्या बाबतीत एक गोष्ट घरात नक्की विचारा. ते आजीचं पहिलं बाळंतपण होतं का? पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत ख्रिस्ती घरांतही तितकीच पक्की होती. आणि त्या काळचा चर्चचा नियम असा की बाळाला शक्य तितक्या लवकर बाप्तिस्मा द्यायचा, बहुतेकदा आठवड्याभरातच. म्हणजे बाळ जिथे जन्मलं तिथल्याच चर्चात. आयुष्यभर 'जन्म सोलापूर' लिहिणाऱ्या माणसाची नोंद भलतीकडेच निघते ती यामुळे. एका कुटुंबासाठी मी सोलापूरची वही तीनदा उलटली. मिळेना. मग घरातल्या वयस्कर आत्या बोलता बोलता म्हणाल्या, 'वहिनीचं माहेर मनमाडचं, दादाला तिथूनच मांडीवर घेऊन आलेली.' नोंद मनमाडच्या बाजूलाच मिळाली. तेव्हा तो भाग पुणे धर्मप्रांतात होता, आज नाशिकच्या. पत्र कुठे पाठवायचं ते आजच्या नकाशावर बघायचं, आणि नोंद कोणाच्या वहीत असेल ते त्या दिवसाच्या नकाशावर.

रेल्वेवाल्यांच्या बदल्यांचंही तेच. सोलापूरच्या पुढे गुलबर्गा, वाडी ही स्टेशनं निजामाच्या राज्यात होती. तिथली कॅथलिक माणसं हैदराबादच्या बिशपकडे, आणि तिथे धर्मगुरू इटलीतल्या मिलानच्या मिशनचे. आजोबांची दोन वर्षं वाडीला बदली असेल तर त्या वर्षांतलं मूल सोलापूरच्याही वहीत नाही आणि पुण्याच्याही नाही. लहान स्टेशनांवर स्वतंत्र पॅरिश नसायची. फादर कधीतरी यायचे, मिस्सा करायचे, साठलेले बाप्तिस्मे उरकायचे आणि नोंद आपल्या मूळ ठिकाणच्या वहीत करायचे. आजोबांचं सर्व्हिस रेकॉर्ड किंवा बदलीचा एखादा कागद घरात असेल तर तो आधी काढा. त्याचा उपयोग चर्चच्या इतिहासाइतकाच होतो.

आणखी एक गोष्ट सोलापूरला लागू पडते, मुंबईला तितकी नाही. आपल्याकडे ख्रिस्ती म्हटलं की लोकांना अमेरिकन मिशन आठवतं. ते इथे १८६० च्या दशकापासून आहे, शाळा-दवाखान्यांमुळे घराघरांत माहीत झालेलं. ते प्रोटेस्टंट, त्यांची नोंदवही वेगळी, त्यांचे पाळक वेगळे. दोघांच्या वह्या एकमेकांकडे कधीच नसतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचे शब्द ऐका. 'मंडळी', 'पाळकसाहेब', 'उपासना' हे शब्द आले तर ते मिशनच्या बाजूचे. 'फादर', 'मिस्सा', 'नोव्हेना', 'स्नानसंस्कार' आले तर कॅथलिक. बाप्तिस्मा हा शब्द दोन्हीकडे चालतो, त्यावरून काही ठरवू नका. रेल्वे कॉलनीत कॅथलिक मुलगा आणि मिशनची मुलगी असं लग्न झालेलं असलं तर दोन्हीकडे विचारावं लागतं.

वही उघडायला मिळाली तर काय दिसेल तेही सांगते, म्हणजे नोंद समोर असून हातची जाणार नाही. लांबट वही, शाई तपकिरी झालेली, काही अक्षरांच्या जागी शाईने कागद खाल्लेला. मी बघितलेल्या पाद्रोआदोच्या वह्या पोर्तुगीजमध्ये आहेत, जेझुइटांच्या लॅटिनमध्ये. लॅटिनमध्ये नावंही लॅटिन होतात. घरचा जॉन किंवा जुआंव वहीत 'योआन्नेस' असतो, लुईस 'लुडोविकुस' होतो, विल्यम 'गुलिएल्मुस', आणि सांतियागो असो की जेम्स, दोघेही 'याकोबुस'. 'फिलिउस' म्हणजे मुलगा, 'फिलिया' म्हणजे मुलगी, 'पात्रिनी' म्हणजे बाप्तिस्म्याचे आईबाप. मागच्या पानांवर सूची असली तर ती आडनावाने नसून पहिल्या नावाने लावलेली असू शकते. आडनाव शोधत सूची खाली ठेवणारे मी कितीतरी पाहिलेत.

तारखेचं सगळ्यात जपा. महिना कधी कधी असा लिहितात: ७ चा आकडा आणि त्याला चिकटून 'ब्रिस'. तो जुलै नाही, सप्टेंबर आहे. लॅटिनमध्ये सेप्तेम म्हणजे सात, त्यावरून सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि फुलीसारखा रोमन दहा म्हणजे डिसेंबर. सुरुवातीच्या काळात मी एका कुटुंबाला ८ चा ऑगस्ट वाचून दिला. त्यांनी तोच पुढच्या कागदांत लिहिला. महापालिकेच्या दाखल्याशी तारीख जुळेना, आणि दुरुस्तीसाठी त्या आजींना तीन-चार चकरा माराव्या लागल्या. चूक माझी होती. तेव्हापासून मी महिना वाचला की मागची-पुढची दोन पानं वाचते. नोंदी ओळीने लिहिलेल्या असतात, शेजारच्या नोंदींचा महिना आपला महिना सांगतो.

१९१४ नंतरची काही वर्षं आपल्याकडच्या वह्यांत हस्ताक्षर एकदम बदललेलं दिसलं तर घाबरू नका. पहिल्या महायुद्धात पुणे धर्मप्रांतातले जर्मन जेझुइट ब्रिटिशांच्या लेखी शत्रू ठरले. त्यांना नजरकैदेत ठेवलं, मग मायदेशी पाठवलं. पुण्याचे बिशप डोरिंगसुद्धा बरीच वर्षं परत येऊ शकले नाहीत, रोमने त्यांना मध्यंतरी जपानला हिरोशिमाला नेमलं, आणि ते पुण्याला परतले १९२७ मध्ये. त्या मधल्या काळात जे धर्मगुरू उपलब्ध होते त्यांनी वेळ निभावून नेली. आजोबांचं लग्न १९२० च्या आसपासचं असेल तर नोंद त्रोटक असण्याची तयारी ठेवा. साक्षीदारांची नावं मात्र सहसा असतात, आणि ती कधी कधी नात्यातलीच निघतात.

थोडक्यात क्रम असा धरा: घरच्या आठवणी आणि रेल्वेचे कागद, मग आजोबा-आजींच्या लग्नाची नोंद, तिच्यावरून मुंबईची पॅरिश, आणि सगळ्यात शेवटी माझगाव. वडिलांची नोंद याच्या बरोबरीने सोलापूरला आणि आजीच्या माहेरी शोधा.

पत्र लिहाल तेव्हा 'आमच्या आजोबांची माहिती द्या' असं लिहू नका. पॅरिशच्या कचेरीत एखादीच व्यक्ती असते आणि तिला रोजची कामं असतात. आजोबांचं पूर्ण नाव आणि ते कोणकोणत्या प्रकारे लिहिलं जाऊ शकतं ते, त्यांच्या आईवडिलांची नावं, जन्माचा अंदाज दोन वर्षं मागे-पुढे धरून, तुमचं त्यांच्याशी नातं आणि उतारा कशासाठी हवा ते कारण, एवढं एका पानात द्या. ग्लोरियाला लिहिताना 'जुन्या माझगावच्या चर्चच्या काळातली नोंद' असं स्पष्ट म्हणा. वही दाखवायची की नाही हे तिथल्या फादरांवर अवलंबून असतं, आणि जुन्या वह्या हाताळू देत नाहीत ते बरोबरच आहे. पानं मोडतात. शक्य झालं तर स्वतः जा. रविवार, लग्नसराईचे दिवस आणि सणांचा आठवडा टाळा, आधी फोन करा. समासात काही लिहिलेलं असेल तर त्याचाही उतारा मागा. छापील दाखल्यात समास येतोच असं नाही आणि तुम्हाला हवं ते बहुतेक तिथेच असतं.

लग्नाची नोंद हाती आली आणि वाचता आली नाही, तर ओळी जशा दिसतात तशा उतरवून इथे लिहा. जिवंत माणसांची नावं तेवढी झाका. मी वाचून सांगेन.